आल्यावर भाजते

मिस्त्री बिस्किट कानाशी धरून मोडायचे. डाव्या कानाशी, कारण उजव्यानं त्यांना कमी ऐकू यायचं. मोडलं की मान तिरकी ठेवून घटकाभर तसेच थांबायचे, मग दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवून विचारायचे, "तुमच्या भाभीसारखं झालं का, भाऊ?" मी तुकडा चावायचो आणि हो म्हणायचो. त्यांचा विश्वास बसायचा नाही. "नाई," म्हणायचे, "आवाज तसा नाई आला." आणि ताटली घेऊन पुढच्या दारात.

तुम्ही आमच्या गल्लीत राहिला असता तर तुमच्याही हातावर ते तुकडे आले असते. घाटंजीच्या बसस्टँडमागची ही गल्ली काही मोठी नाही, आणि त्या ताटलीतून सुटका कोणाचीच नव्हती. मी तहसिलीतून रिटायर झालेला माणूस, दिवसभर घरीच, म्हणून माझा नंबर रोज पहिला. कधीकधी तर मी दात घासत असायचो. ब्रश तोंडात धरून बिस्किटाची परीक्षा कशी घ्यायची, तुम्हीच सांगा.

मिस्त्री म्हणजे इंजिनाचे मिस्त्री. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, लोकांनी भंगारात काढलेल्या स्कूटरी, सारं त्यांच्या अंगणात यायचं. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा ते तसे उभे असताना त्यांच्या मुलीनं काहीतरी विचारलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "थांब, हे सांगून राह्यलं." त्या इंजिनाचं सांगून झालं, मग मुलीचा नंबर लागला.

घरातली बेकरी त्यांची नव्हतीच. ती भाभींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. मुलगी लग्न होऊन उमरखेडला गेली तसं भाभींना घर खायला उठलं. त्याआधी दिवाळीला आम्ही सगळे मैदा, तूप, साखर पिशव्यांत भरून गावातल्या बेकरीच्या भट्टीवर रांग लावत असू, आणि आपल्याच तुपाची बिस्किटं झाली की दुसऱ्याच्या तुपाची, यावरून तिथं भांडत असू. त्या वर्षी भाभी म्हणाल्या, द्या इकडे, मी करून देते. मिस्त्रींनी लोखंडी ड्रम आडवा कापून, आत जाळी बसवून, कोळशावरची भट्टी करून दिली. पुढे विजेची मोठी भट्टी आली, डीप फ्रीजर आला, दारावर मिस्त्रींनी स्वतः रंगवलेली 'घरगुती बेकरी' अशी पाटी आली. ड्रम अंगणात पडून राहिला.

भाभी पाई शिकल्या त्या फोनवर बघून. खाली मैद्याची पारी, वर मैद्याची पारी, मध्ये सारण, आणि काठ अंगठ्यानं दाबत दाबत मिटवायचा. गल्लीनं आधी नाक मुरडलं. माझ्या बायकोनं तिला 'झाकणाची पुरणपोळी' असं नाव ठेवलं, आणि सीताफळाचे दिवस आले की पहिली पाई तिलाच लागायची. बाजाराच्या दिवशी खिम्याची पाई व्हायची. आमच्यासारख्या न खाणाऱ्यांच्या ताटल्या वेगळ्या होत्या आणि त्यांच्या काठावर मिस्त्रींनी छिन्नीनं खूण केली होती. त्यावरून कधी कोणाला विचारावं लागलं नाही.

पण घरात एक माणूस असा होता की ज्याला यातलं काहीच मिळत नसे. मिस्त्रींना शुगर. भाभी साऱ्या गल्लीला बळंबळं खाऊ घालायच्या आणि नवऱ्यानं डब्याकडे नुसतं पाहिलं तरी ओरडायच्या. मिस्त्रीही असे सरळ, की त्यांनी चोरूनसुद्धा कधी खाल्लं नाही. इतकी वर्षं घरात भट्टी चालली आणि त्यांच्या जिभेला तिची चव माहीत नव्हती. त्यांना माहीत होता फक्त आवाज. भाभी ताटलीतलं एक बिस्किट निवू द्यायच्या आणि ओट्यापाशी मोडून बघायच्या. बाहेर अंगणात मोटार उघडून बसलेले मिस्त्री तिथूनच सांगायचे, "झालं." आम्हाला हसू यायचं. भाभी मात्र दर वेळी खूश व्हायच्या.

मागच्या वर्षी लगनसराईच्या तोंडावर भाभींनी एका लग्नाची मोठी ऑर्डर घेतली. बिस्किटांचं पीठ मळून त्याच्या वळकट्या केल्या, सीताफळाच्या साठवलेल्या गराच्या पाई भरून ठेवल्या, आणि सगळं फ्रीजरात लावलं. पोट कितीतरी दिवसांपासून दुखत होतं, ते कोणाला सांगितलं नव्हतं. मग एक दिवस उभंच राहता येईना. यवतमाळला न्यायला ऑटो दारात लागला, त्यात बसताना भाभी मिस्त्रींना म्हणाल्या, "फ्रीजरातलं हलवू नका. आल्यावर भाजते."

त्या परत आल्या नाहीत. आणल्या. मी दारातच उभा होतो, आणि त्या दुपारबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

चाळिसावा दिवस झाला. त्यानंतर एका सकाळी त्यांच्या घरातून भाजलेल्या मैद्याचा वास आला, आणि गल्लीतल्या बायका जिथल्या तिथं थांबल्या. मिस्त्री भट्टीपुढे उभे होते. भाभींचा हात दुखायला लागला तेव्हापासून मैदा, तूप, साखर तेच मोजून देत होते, त्यामुळे मापं त्यांना ठाऊक होती. पहिला घाणा इतका कडक झाला की माझी दाढ हलली. माझ्या बायकोनं स्वतः जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, नट आवळल्यासारखं पीठ कायले आवळता? हलक्या हातानं घ्या." त्यांनी हात हलका केला. खरं सांगतो, हळूहळू बिस्किटं चांगली व्हायला लागली. लोक आधी दयेपोटी न्यायचे, नंतर खायला न्यायला लागले.

पण मिस्त्रींना ते चालत नव्हतं. तूप बदलून पाहिलं, गिरणी बदलून पाहिली, आच कमी केली, वाढवली. प्रत्येक घाण्याचं एक बिस्किट कानाशी मोडलं. अंगणातल्या मोटारी तशाच गंजत पडल्या आणि गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. मी रागावलो त्यांच्यावर. म्हटलं, लोकांना आवडून राह्यलं, दारात येऊन नेतात, अजून काय पाहिजे? ते मला आत घेऊन गेले आणि फ्रीजरचं झाकण उघडलं.

अर्ध्या फ्रीजरात त्यांचा माल होता. उरलेल्या अर्ध्यात भाभींनी लावलेलं सगळं, लावलं होतं तसंच. त्यांनी वरची एक पाई उचलली आणि काठावरचा बर्फ फुंकरीनं उडवला. काठभर भाभींच्या अंगठ्याचे खळगे होते, एकाला लागून एक. मिस्त्रींनी त्यातल्या एकावर आपला अंगठा ठेवून दाखवला. तो मावत नव्हता. लग्नवाल्यांना त्यांनी दुसरीकडून माल घ्यायला सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, मिस्त्री, यातली एक वळकटी काढा, चार बिस्किटं भाजा, आवाज ऐका. म्हणजे तरी कळंल कुठं चुकून राह्यलं. त्यांनी झाकण लावलं, त्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "अजून भाजायचं हाये, भाऊ. भाजलं का संपलं."

आल्यावर भाजते असं भाभी म्हणाल्या होत्या, आणि जोवर ते पीठ कच्चं होतं तोवर मिस्त्रींच्या लेखी त्या यायच्या होत्या. शहाण्या माणसानं त्यांना समजावायला पाहिजे होतं. मी काही तितका शहाणा नाही.

या उन्हाळ्यात वादळ आलं. आमच्याकडे वादळ आलं की वीज जाते, त्यात काही नवल नाही, तासा-दोन तासांत येते. या वेळी मात्र विजेचे खांबच आडवे झाले. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी फ्रीजरवर गोधड्या टाकल्या आणि कोणाला झाकण उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीनं बर्फ शोधायला सुरुवात केली. गोळ्याच्या गाडीवाल्यानं आपली लादी दिली. कोणीतरी मच्छीबाजारातून बर्फ आणला, तो मिस्त्रींनी हात जोडून परत पाठवला, म्हणाले, तुपाला वास लागते. मी वीज कंपनीच्या हापिसात जाऊन जितकं भांडता येईल तितकं भांडलो. तिथला माणूस म्हणाला, आजोबा, इथं गावाचं गाव अंधारात हाये. त्याचंही खरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि एका वळकटीवर बोट टेकवलं. बोट आत गेलं. ते बोटाकडे पाहत राहिले. मग अंगणात गेले आणि मोटारींच्या मागून तो जुना ड्रम ओढून काढला.

मी आणि माझी बायको त्यांच्याबरोबर होतो. ड्रम घासला, कोळसा पेटवला. पाई आधी लावल्या. तूप सुटलेलं होतं, त्यामुळे आच लागताच काठ खचला आणि भाजून बाहेर आल्या तेव्हा अंगठ्याचा एकही खळगा शिल्लक नव्हता. मिस्त्रींनी काठावरून बोट फिरवलं आणि ताटली बाजूला ठेवली. मग बिस्किटं लावली. ती चांगली भाजली गेली, रंगही आला. निवेपर्यंत गल्लीतली बरीच माणसं अंगणात जमली होती.

मिस्त्रींनी एक उचललं, डाव्या कानाशी नेलं आणि मोडलं. मान तिरकी करून थांबले. दुसरं मोडलं. तिसरं जरा जोरानं मोडलं. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून मीच बोलत सुटलो. इतके महिने फ्रीजरात होतं, मग नरम पडलं, त्यात ही कोळशाची भट्टी, वादळाची ओली हवा, आवाज बदलणारच ना. त्यांनी मला बोलू दिलं.

"नाई भाऊ," ते म्हणाले. "पीठ तिचंच हाये. मीच भुललो. कसा वाजे, ते मलेच आता आठवत नाई."

मग त्यांनी ताटली पुढे केली, आणि हातातले तुकडे देत एकेकाला विचारलं. पण या वेळी वेगळं विचारलं. म्हणाले, "तुम्ही तर खाल्ले ना तिच्या हातचे. असेच होते का?" मी चावलं. धुराचा वास होता, तुपाचा होता, गोड होतं. मी आठवायला लागलो, आणि माझ्या तोंडात सगळी मिस्त्रींचीच बिस्किटं येत राहिली, रोज सकाळी दिलेली. भाभींचं बिस्किट कसं लागत होतं ते मला आठवेना. माझ्या बायकोकडे पाहिलं. ती कोणाला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोललेली नाही. तिनं तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. अंगणातल्या एकालाही हो म्हणता आलं नाही. मला आजही त्या अंगणातून जाताना लाज वाटते आणि रडू येतं. सबंध गल्लीनं वर्षानुवर्षं खाल्लं होतं हो.

मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही तरी आता एक खाऊन पाहा. शेवटचंच आहे. त्यांनी मान हलवली. "तिनं कधी खाऊ नाई देल्लं," म्हणाले. "आता तिचीच गोष्ट मोडू?" त्यांनी आपल्या मालासकट सगळं गल्लीत वाटून टाकलं, ताटल्या घासून पालथ्या घातल्या. संध्याकाळी वीज आली. रिकाम्या फ्रीजरचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला, आणि थोड्या वेळानं त्यांनी तो बंद केला.

त्यानंतर भट्टी पेटली नाही. मी आठवडाभर सकाळी दारात उगाच उभा राहायचो. मग उमरखेडहून मुलगी न्यायला आली. मिस्त्रींनी वाद घातला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पाटी काढा म्हटलं तर म्हणाले, राहू द्या, तिच्या खाली भिंतीचा रंग वेगळा दिसंल.

त्यांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. मुलगी तिकिटाची चौकशी करायला गेली होती. आम्ही टपरीवर चहा सांगितला. मी बिनसाखरेचा सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, असू द्या, जसा हाये तसा. मग त्यांनी टपरीवाल्याकडून बिस्किटांचा एक पुडा घेतला. मला वाटलं नातवंडांसाठी असेल. त्यांनी तो तिथंच फोडला, एक बिस्किट काढलं, अख्खंच चहात बुडवलं आणि तोंडात टाकलं.

इतक्या वर्षांत मिस्त्रींना बिस्किट खाताना मी पहिल्यांदा पाहिलं. हळूच म्हटलं, "मिस्त्री, शुगर."

"आता कोण वरडते, भाऊ?" ते म्हणाले, आणि पुड्यातून दुसरं काढलं.