त्रेसष्ट मिलिमीटरचा पाइप

गाडीत धूर येतो हे बायकोच्या नाकाला आधी कळलं. मला पटायला तीन फेऱ्या लागल्या.

ती आलापल्लीच्या पलीकडे एका खेड्यात शिक्षिका होती आणि मी गडचिरोलीला मोजणी खात्यात. महिन्यातले दोन शनिवार मला सुट्टी असे. सकाळची शाळा सुटली की मी तिला आणायला जाई. उरलेल्या शनिवारी ती एस.टी.नं येई आणि घरी पोचल्यावर तासभर पंप हातात धरून बसे, कारण तिला दमा होता. तिच्यासाठीच मी दोन मालकांच्या हातून गेलेली टर्बो डिझेल जीप घेतली होती. मुलं बाहेर शिकायला होती. आमचं नवराबायकोचं बोलणं म्हणजे काय ते त्या सव्वाशे किलोमीटरच्या आत होई.

"अहो, धूर येऊन राह्यला," ती पदर नाकाला लावून म्हणायची.

"पुढच्या ट्रकचा असेल."

"पुढं ट्रक कुठी हाये?"

तिसऱ्या फेरीला तिनं सांगून टाकलं, "हा धूर बंद नाई झाला तं मी यष्टीनंच येत जाईन."

"यष्टीत धूर नसतो का?"

"असते. पण तिथचा ड्रायव्हर मले 'धूर नाई' म्हणून सांगत नाई."

मी गाडीखाली शिरलो. टर्बोच्या तोंडातून निघून सायलेन्सरला मिळणारा पाइप, ज्याला मेकॅनिक डाऊनपाइप म्हणतात, त्याला वळणावर बोटभर चीर होती. मूळ कंपनीचा पाइप यायला महिना-दीड महिना लागेल असं कळलं. तेवढा वेळ माझ्याजवळ नव्हता. म्हणून बाहेरचा बसवायचा ठरलं आणि मला झोप लागेना. मी वहीत जुन्या पाइपाची मापं घेतली: आतला व्यास एक्कावन्न मिलिमीटर, जाडी दोन, बोल्टची तीन भोकं, त्यांची आपसातली अंतरं. जेवताना वही, ऑफिसात वही.

नागपूरच्या दुकानदाराकडे तयार पाइप होता. स्टेनलेस, त्रेसष्ट मिलिमीटरचा. धुराला मोकळी वाट मिळाली की टर्बो लवकर फिरतो, चढावर गियर बदलावा लागत नाही, असं त्यानं समजावलं. ते खरंही होतं. चंद्रपूरला एक म्हातारे वेल्डर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते सायलेन्सरचंच काम करत. मी त्यांना माझी वही दाखवली.

त्यांनी वही बंद करून परत दिली. "साहेब, गाडीले पळवाचं हाये का बाईचा खोकला बंद कराचा हाये?"

"दोन्ही झालं तर काय वाईट?"

"जितका जुना होता तितकाच बनवून देतो. आन् हा खालचा पत्रा," त्यांनी जुन्या पाइपाखाली बसवलेल्या, गंजलेल्या पत्र्याच्या आडोशावर टिचकी मारली, "ह्याले सोडू नका. जंगलात फिरणारी गाडी हाये."

"पण व्यास किती ठेवाल? जागा किती सुटेल?"

"हात जाईन इतकी."

चाचांच्या बोलण्यात एकही आकडा नव्हता. म्हणून त्यातलं काहीच मी वहीत लिहिलं नाही. नागपूरच्या पाइपाचे अकरा आकडे माझ्याजवळ होते. मी तो घेतला. नव्या पाइपाला आडोशाची भोकं जुळेनात तेव्हा फिटर म्हणाला की गरज नाही, आणि मी पत्रा मागच्या सीटखाली ठेवून दिला. सगळे जोड मी साबणाचं पाणी लावून स्वतः तपासले. एकही बुडबुडा आला नाही.

पुढच्या शनिवारी गाडी खरोखर हलकी पळाली. आवाज मात्र वाढला होता. परतीच्या वाटेवर बायको बोलली ते मला दोनदा विचारावं लागलं, मग तिनं बोलणं सोडलं. पदर मात्र खाली होता. मी अधूनमधून तिकडे बघत होतो.

डबा खायला आम्ही सडकेच्या कडेला एका मोहाच्या झाडापाशी थांबलो. ते दिवस मोहफुलांचे होते. फुलं वेचायला झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून काढलेली होती आणि एक बाई टोपली भरून बाजूला बसली होती. झाडलेल्या जागेवर गाडी घालणं म्हणजे कोणाच्या ताटात पाय ठेवणं, ही आमच्याकडची रीत मला ठाऊक होती. म्हणून मी मुद्दाम ती जागा सोडून, कडेला गाडी लावली. म्हणजे तिनं झाडून ढीग केलेल्या वाळक्या पानांवर.

डबा उघडला होता. बायको म्हणाली, "धूर येऊन राह्यला."

"नाही येत. जोड मी तपासलेत."

"अहो, वास येते."

"इंजिन बंद आहे. बंद इंजिनाचा धूर कुठून येईल?" आणि मी तिला बुडबुड्यांचं सांगू लागलो. दोन-तीन वाक्यं तरी बोललो असेन. तेवढ्यात ती बाई खराटा घेऊन ओरडत धावत आली, "भाऊ, गाडी हालवा! पानं पेटली!"

मी गाडी पुढे घेतली. उघडा तापलेला पाइप पानांना टेकला होता तिथे ओंजळीएवढा जाळ होता आणि भोवती पानं काळी होत चालली होती. बाईनं खराट्यानं ढीग फोडला, आग झोडपली. बायकोनं पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली. पलीकडे सागाचं रान सुरू होत होतं, पानगळीनं गुडघाभर भरलेलं.

विझल्यावर बाई खराटा टेकवून म्हणाली, "झाडल्या जाग्यावर लावाची होती ना. फुलं तं कवाची वेचून झाली."

बायकोला धाप लागली होती. तिनं पंप घेतला, पिशवी उचलली आणि फाट्याकडे चालू लागली. "मी यष्टीनं जातो," एवढंच म्हणाली. मी गाडीत बस म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

एस.टी. मिळाली. मी घरापर्यंत तिच्या मागे मागे आलो. ओलांडून जायची ताकद गाडीत भरपूर होती. बसचा काळा धूर माझ्या काचेवर येत होता आणि त्यातच कुठेतरी ती बसली होती.

सोमवारी रजा टाकून चंद्रपूरला गेलो. चाचांनी गाडीखाली वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

"पत्रा कुठी हाये?"

मी सीटखालून काढून दिला.

"बाई कशी हाये?"

"बोलत नाही."

"खोकल्यानं का रागानं?"

"ते कळलं असतं तर वहीत लिहिलं असतं," मी म्हणालो. ते पहिल्यांदा हसले.

त्यांनी एक्कावन्नचाच पाइप वळवला, पत्र्याला नवे कान जोडून बोल्टनं आवळला. शेवटी माझा हात धरून पाइप आणि पत्र्याच्या मधल्या फटीत घातला. चार बोटं गेली. मी वहीत लिहिलं: चार बोटं.

त्यानंतरच्या माझ्या शनिवारी शाळेच्या झाडलेल्या पटांगणात गाडी लावली. बायको आली, पदर खोचला आणि पोरांच्या देखत खाली वाकून पाहिलं. पत्र्याला हात लावायला गेली.

"भाजेल," मी म्हणालो.

"म्हणूनच पाह्यतो." पत्रा कोमट होता. ती पुढच्या सीटवर बसली.

आष्टीच्या अलीकडे ती झोपली. धूर असलेल्या गाडीत तिला झोप लागूच शकत नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मी घड्याळ बघून तिचे श्वास मोजले. मिनिटाला सोळा. पुढच्या गावाशी पुन्हा मोजले. मग गडचिरोली येईपर्यंत नाक ताठ ठेवून वास घेत राहिलो.