मढच्या पेरूंवर सोसायटीचा ठराव

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हरित समिती निघाली, आणि समिती म्हटली की सहल आलीच. माझी जुन्या ऑफिसातली मैत्रीण मेबल मढला राहते. तिच्या वाडीतल्या पेरूच्या पाचही झाडांवर पिठ्या ढेकूण पडला होता. पानांखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखी ही पांढरी कीड. मेबल मोसमात गेटवर पेरू विकते. यंदा एक टोपली तरी भरेल की नाही, ही तिची काळजी. मी हे समितीत बोलून गेले आणि सहलीची जागा ठरली.

औषध गच्चीवर ड्रममध्ये महिनाभर आंबत होतं. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा. कडुनिंब, करंज, निरगुडी वगैरे मिळाले; दहावं मिळेना म्हणून कुणीतरी बाल्कनीतला मनी प्लांट घातला.

रविवारी लिंक रोडने गोरेगाव, मग मालाड, पुढे मार्वे रोड. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर आक्सा बीचच्या गर्दीत अडकाल. मिनीबस आणि जेवण धरून माणशी सातशे पडले. ड्रम सोबत असेल तर एसीचा विचार सोडा. आमच्या ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "पाठी कोण मेलंय काय?"

मेबलने गरम फुगे तळून ठेवले होते. गोल, पोकळ, किंचित गोड. ते खात मी झाडाशी गेले. एका पानावरचा पांढरा, झिपऱ्या जीव बाकीच्यांहून मोठा आणि चपळ होता. मोबाइल जवळ नेला, तर तो शेजारच्या ढेकणाला खात होता. फोटोवरून शोधलं. लेडीबर्डच्या जातीतल्या भुंगेऱ्याची अळी; ढेकणासारखी दिसते आणि त्यालाच खाऊन जगते.

मी सेक्रेटरी देसाईकाकांना दाखवलं.

"मॅडम, दोघेही पांढरे. आता काय आधार कार्ड बघायचं?"

"पण अर्काने ही पण मरेल ना?"

"अहो, नैसर्गिक आहे! नैसर्गिकला चांगलं-वाईट कळतं."

वाद वाढला, तेव्हा आमच्याकडे जे होतं तेच झालं. पेरूखाली सभा भरली. सर्व पांढरे जीव कीड समजण्यात यावेत, असा ठराव आला. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. विरोधात मी एकटी. मेबल सभासद नसल्यामुळे तिला मत नव्हतं.

"तू सांग गं, हाकलू का यांना?" तिने हळूच विचारलं.

मला छातीठोक सांगता येईना. एका फोटोवर किती विश्वास ठेवायचा? आणि मी चुकत असले तर पेरू तिचेच जाणार.

"एक झाड ठेव," मी म्हटलं.

मेबल शेवटच्या झाडापुढे जाऊन उभी राहिली. "ह्याला हात लावायचा नाय!"

बाकी चार झाडं फवारून, फोटो काढून आम्ही परतलो.

आठवडाभरात ती चारही स्वच्छ दिसू लागली. सहलीच्या ग्रुपवर, ज्यात मेबलही होती, टाळ्या पडल्या. मी काकांना फोन करून माफी मागितली.

मग काही दिवसांनी मेबलचा फोन आला. "वाट लागली गं. चारही परत पांढरी. न फवारलेलं मात्र साफ होत चाललंय."

कापसातली अंडी वाचली होती, आणि त्यांतून निघालेल्या पिल्लांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही दोघींनी फोनवर विचार केला. मेबलने पाचव्या झाडाच्या अळ्या असलेल्या डहाळ्या तोडून बाकी चारांना बांधल्या. परवा म्हणाली, "फिरतायत गं सगळीकडे. खालच्या फांद्यांवर बारीक पेरू पण धरलेत."

तिने त्या फांद्यांचा फोटो हौसेने ग्रुपवर टाकला. काकांचं लगेच उत्तर: "अजून पांढरं दिसतंय. या रविवारी दुसरा ड्रम आणतो."

मेबलने कळवलं, "वाडी शूटिंगला दिलीय. आत कुणाला सोडत नाहीत."

थापा मला जमत नाहीत; साधी रजा मागतानाही मी खरं कारण सांगते. काकांनी मला जिन्यात गाठलं. "खरंच शूटिंग आहे का हो?"

"हो," मी म्हटलं. "पेरू उतरेपर्यंत तरी चालेल."