यशोदाबाईंची सरकती झोप

पारोळ्याहून धुळ्याला जाताना रस्त्याच्या कडेला एक लहान गाव लागते. त्या गावात यशोदाबाईंचा संसार झाला. तरुणपणी त्यांच्या जात्याची घरघर ऐकून गल्लीतल्या बाया अंथरूण सोडीत असत. कोंबडा चुकेल, पण यशोदाबाई चुकणार नाहीत, असे लोक म्हणत.

पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे हळूहळू नेले. आधी माणसांचे चेहरे गेले, मग भिंती गेल्या, आणि १९८६ साली दाराच्या चौकटीतला पांढरा उजेडसुद्धा गेला.

आंधळ्या माणसाला घरात बसायला जागा मिळते. परंतु मोल राहते ते हातातल्या कामामुळेच. यशोदाबाईंच्या हाती एकच काम उरले होते, ते म्हणजे झोळीची दोरी. मुलगा धनसिंग धुळ्याला कापसाच्या जिनात हमाली करी आणि सून सुनंदा मजुरीने कापूस वेचायला जाई. दोन महिन्यांची नात झोळीत असे. भिंतीला टेकून यशोदाबाई दोरी ओढीत, झोळी हलत राही, आणि सून निर्धास्त मनाने वावरात जाई. ही दोरी आपल्या हातात आहे तोवर आपण या घरच्या आहोत, असे त्यांना वाटे.

परंतु शेवटचा उजेड गेला आणि त्यांची झोप जागची हलली. ती दररोज थोडी उशिरा येऊ लागली. रात्रीची झोप पहाटेवर गेली, पहाटेची दुपारवर गेली, आणि दुपारची दिवेलागणीवर गेली. तिच्यामागून भूकही सरकली. मध्यरात्री पोटात आग पडे, आणि दुपारी समोर आलेली भाकरी मातीसारखी लागे. असा पूर्ण फेरा झाला की काही दिवस सगळे सुरळीत होई, आणि मग पुन्हा तेच सुरू होई.

शेजारच्या भिकुबाई बोलायला फटकळ होत्या. एका सांजेला त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "यशोदामाय, दिवा लावानी येळले जी बाई झोपस, तिना घरमा लक्ष्मी टिकस का?"

डुलकीतून जाग्या होत यशोदाबाई म्हणाल्या, "लक्ष्मीले म्हनो, रातले ये. रातभर मी जागीच रहास."

भिकुबाई हसल्या, पण त्यांनी पाळत ठेवली. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी सुनंदाला बाजूला घेऊन सांगितले, "दर अमोश्याले हिनं असंच व्हस. चांदनं वाढनं का झोप ठिकाने येस. हाई बाधा शे, दुसरं काही नही."

सुनंदाने पडताळून पाहिले, तर ते खरेच निघाले. चंद्रही रोज थोडा उशिरा उगवतो आणि यशोदाबाईंची झोपही रोज थोडी उशिरा येते, हे साम्य सगळ्यांना पटले. मग घरात नियम ठरला. अमावास्येच्या आगेमागे सुनंदाने घरी थांबावे आणि बाकीचे दिवस दोरी सासूच्या हाती द्यावी. बाधा म्हटल्याचे यशोदाबाईंना वाईट वाटले, पण दोरी राहिली म्हणून त्यांनी ते सोसले.

तीन-चार महिने नियम जमला. प्रत्येक फेऱ्याला वाईट दिवस अमावास्येच्या किंचित पुढे जात होते, ते मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. सकाळीच यशोदाबाईंचे डोके जड झाले. अंग सांगत होते की आज दुपारी झोप येणार. परंतु तिथी चांगली होती, आणि बोलून दाखवले असते तर सुनेची मजुरी बुडाली असती. त्यांनी दोरी हाताला गुंडाळून घेतली, म्हणजे सुटणार नाही.

दोरी सुटली नाही. झोळी मात्र थांबली. पोर जागी झाली, हातभर उंचीवरून खाली घसरली आणि रांगत चुलीपर्यंत गेली. चुलीतल्या राखेखाली विस्तव होता. तिची किंकाळी ऐकून भिकुबाई धावत आल्या, त्यांनी पोरीचा हात पाण्यात धरला आणि यशोदाबाईंना गदागदा हलवले. तरी त्यांना जाग यायला वेळ लागला.

निरोप मिळताच सुनंदा वावरातून पळत आली. तिने पोरीला छातीशी धरले, आणि एवढेच बोलली, "आत्याबाई, आज तं आठम शे."

"अंग सांगी ऱ्हायंतं," यशोदाबाई म्हणाल्या, "पन मी तिथीनं ऐकं."

धनसिंगने पोरीला आणि आईला दोघींनाही धुळ्याच्या दवाखान्यात नेले. पोरीच्या तळव्याला मलमपट्टी झाली. आईची सगळी हकीकत डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतली आणि धनसिंगच्या मनगटाकडे बोट दाखवले.

"तुमचं घड्याळ बरोबर चालतं का?"

"मागे पडतं, साहेब. रोज रेडिओच्या बातम्या लागल्या की जुळवतो."

"तसंच एक घड्याळ माणसाच्या मेंदूत असतं, डोळ्यांच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढं. झोप, भूक, अंगाची ऊब, सगळं त्याच्यावर चालतं. तेही रोज थोडं मागे पडतं. सकाळचा उजेड डोळ्यांतून आत जातो आणि त्याचा काटा पुन्हा जागेवर आणतो. तुमच्या आईच्या डोळ्यांत आता उजेड शिरतच नाही. चंद्राचा यात काही संबंध नाही. दोघांची चाल थोडी सारखी होती, म्हणून तुम्ही फसलात."

यशोदाबाई म्हणाल्या, "म्हंजे मना रेडिओ बंद पडी गया."

"हो, मावशी."

"औषध?"

"माझ्याकडे तरी नाही. रोज ठरल्या वेळी उठा, ठरल्या वेळी जेवा. थोडा उपयोग झाला तर होईल."

बाधा नाही हे कळले, एवढेच काय ते समाधान. परंतु बाधेला निदान तिथी होती. आता तीही गेली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी यशोदाबाई ताज्यातवान्या उठल्या. भाकरीला चव होती. सुनंदाने ते पाहिले आणि आपण होऊन दोरी त्यांच्या हातात दिली.

"आत्याबाई, आज तुम्हले झोप नही. धरा. मी कापूस येची येस."

यशोदाबाईंनी दोरी चाचपली. गाठीपाशी ती त्यांच्याच हाताने गुळगुळीत झाली होती. मग त्यांनी ती सुनेकडे सारली.

"झोळी सोड. वावरमा लिंबले बांध."

"उन शे तठे."

"लिंबनी सावली शे. अठे मी शे."

सुनंदाने आढ्याची गाठ सोडली, झोळीची घडी केली आणि पोरीला काखेत घेऊन निघाली. दार ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवशी यशोदाबाई दिवसभर टक्क जाग्या होत्या. दुपारी भिकुबाई ताक घेऊन आल्या, तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांचा रिकामा हात मांडीवर मागेपुढे हलत होता.