आईचा आवाज असलेली डिस्क

आईच्या घशाच्या ऑपरेशनआधी मी तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आयुष्यभर नाशिकच्या फूलबाजारात गुलाबाच्या जुड्या विकलेली बाई ती. तिच्या हाकेला गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून वळायचं. ऑपरेशनपर्यंत मी तिला रोज माईकसमोर बसवायचे. ती मळ्यातल्या गोष्टी सांगायची, नातेवाइकांची उणीदुणी काढायची, मध्येच कुत्र्यावर ओरडायची. ते सगळं माझ्या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या डिस्कवर होतं. तिथंच, बाकी कुठंच नाही.

आई आता माझ्याकडेच राहते. ती ओठ हलवते, मी वाचते.

मी घरून भाषांतराची कामं करते. कॉम्प्युटर जुना. विंडोजची नवी आवृत्ती त्यावर चालणार नाही, जुनीला अपडेट मिळणार नाहीत, असा निरोप रोज सकाळी पडद्यावर यायचा. एका सहकाऱ्यानं विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली सुचवली. मी द्वारका चौकातल्या दुकानातून पेनड्राइव्ह आणला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे त्यात लिनक्स भरून ठेवलं.

"आधी दुसऱ्या डिस्कवरचं कॉपी करून घे," तो म्हणाला होता. "मगच हात लाव."

मोबाइलवर कॉपी करायला घेतलंच होतं. पण निम्म्यात कॉम्प्युटर गोठला. माऊस हलेना, काहीच होईना. शेवटी बटण दाबून बंद केला, परत लावला, तर विंडोज उघडेचना. मोबाइलवर जे आलं होतं ते सगळं अर्धवट, एकही फाइल वाजत नव्हती.

तेव्हा थांबायला हवं होतं. पण मला राहवेना. पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉल सुरू केलं. कोणती डिस्क पुसायची, असा प्रश्न पडद्यावर आला. समोर दोन नावं, दोन्हींमध्ये एका अक्षराचा फरक. दोन्ही डिस्क मी एकदमच घेतल्या होत्या. कंपनी एक, आकार एक. पहिली म्हणजे विंडोजचीच असणार, असं मनाशी म्हणत मी बाण तिच्यावर नेला. बोट उचललं. पुन्हा नेला.

सहकाऱ्याला फोन लावला.

"काही दाबलंस का?"

"नाही अजून."

"मग बंद कर. प्लग काढ, कॅबिनेट उघड आणि दुसऱ्या डिस्कची केबलच काढून टाक. जी जोडलेलीच नाही ती पुसली कशी जाईल?"

इतकं साधं होतं. दुसऱ्या डिस्कवर मी 'आई' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती; केबलींचा माग काढत ती सोडवली, आईच्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवली. आता पडद्यावर एकच नाव दिसलं. पुसायला सांगितलं. लिनक्स बसेपर्यंत मी हॉल ते बाल्कनी येरझाऱ्या घालत होते. आई भेंडी चिरत बघत होती. काय झालंय, असं तिनं हातानं विचारलं. "काही नाही," म्हणाले. तिला ते पटलं नाही.

लिनक्स छान उघडलं. मशीन बंद करून डिस्क परत जोडली, चालू केलं. डिस्कचं चिन्ह दिसलं. क्लिक केलं, तर उघडता येत नाही, असा संदेश.

"घाबरू नकोस," सहकारी फोनवर म्हणाला. "विंडोज मध्येच बंद पडलं ना, म्हणून डिस्क अडून बसलीय. तिच्यात काही लिहायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही. फक्त वाचण्यापुरती उघडू." त्यानं कमांडची एक ओळ पाठवली. मी अक्षर न् अक्षर तपासून टाइप केली.

फोल्डर उघडले. पहिलीच फाइल लावली.

"चालू हाय का गं हे? लाल दिवा दिसत नाय मला," स्पीकरमधून खणखणीत आवाज आला.

विळी बाजूला सारून आई आली. इतक्या महिन्यांत तिनं स्वतःला ऐकलं नव्हतं. मी तिचा चेहरा बघत राहिले. रडेल असं वाटलं. ती ऐकत राहिली, आणि रेकॉर्डिंगमधली बाई माझ्या मावशीचं लग्न कसं मोडलं ते सांगू लागली तशी आई जोरजोरात मान हलवायला लागली. मोबाइल ओढून तिनं लिहिलं, 'खोटं हाय. मीच मोडलं व्हतं.' आणि आवाज न करता, खांदे हलवत हसत सुटली.

मी मात्र हसले नाही. आधी सगळं मोबाइलवर कॉपी केलं, एकेक फाइल वाजवून पाहिली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर एक प्रत घेऊन मखमलाबादला भावाच्या मळ्यात गेले.

"एवढ्यासाठी आलीस?" तो म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता तुझ्या लॅपटॉपवर घे," मी म्हणाले. "मी उभी आहे इथं."