शाल, नारळ आणि रनिंग बॅक

आमच्या घराण्यात खेळ म्हणजे कॅरम, तोसुद्धा मे महिन्यात पाहुणे आले तर. त्यामुळे साउथहॅम्प्टनला शिकायला गेलेल्या माझ्या मुलाने पहिल्याच वर्षी फोनवर "मी अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये आहे" असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "आणि अभ्यास कोण करणार, कोच?" बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

मग एका रविवारी आम्ही राहतो त्या बेसिंगस्टोकहून गाडी काढून बघायला गेलो आणि त्या खेळात अडकलो. तो तसा सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. आमचा मुलगा रनिंग बॅक होता, म्हणजे चेंडू पोटाशी धरायचा आणि आडवी येणारी धिप्पाड पोरं चुकवत, नाहीच चुकली तर अंगावर घेत, पळत सुटायचं. घरी कचऱ्याची बिन बाहेर न्यायला सांगितली की ज्याची पाठ दुखते, त्याला हे करताना बघून माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू?

कोचला पगार नव्हता. आठवडाभर बंदरावरच्या ऑफिसात नोकरी, संध्याकाळी आणि रविवारी ही पोरं. इंग्लंडमध्ये या खेळाला कुत्रं विचारत नाही, त्यामुळे प्रेक्षक म्हणजे चार पालक आणि कोणाच्या तरी गर्लफ्रेंड. दुसऱ्याच रविवारी कोचने माझ्या हातात एक केशरी काठी दिली. चेंडू जिथे अडला, तिथे काठावर ती काठी धरून उभं राहायचं, म्हणजे किती यार्ड झाले ते सगळ्यांना दिसतं. ऑफिसात मला कोणी एवढं महत्त्वाचं काम दिलेलं नव्हतं. मी थर्मास घेऊन दर रविवारी हजर.

तिसऱ्या वर्षी टीमला गळती लागली. एक रनिंग बॅक वर्षभराच्या नोकरीच्या प्लेसमेंटसाठी बर्मिंगहॅमला गेला, दुसऱ्याचा गुडघा गेला, तिसऱ्याला एका मोठ्या विद्यापीठाच्या टीमने उचललं. "शिकवायचं आणि हात हलवून निरोप द्यायचा, एवढंच करतो मी," कोच मला म्हणाला. या जागेवर आता आमचा मुलगा एकटाच उरला होता, आणि त्याची डिग्री संपत आली होती. मास्टर्सला तो इथेच राहील का, असं कोचने विचारलं.

"राहील," मी म्हणालो. "माझा शब्द."

मुलाला मी विचारलं नव्हतं. आमच्याकडे विचारत नाहीत. माझी पहिली नोकरी माझ्या वडिलांनी परस्पर कबूल केली होती आणि मला ती पेढे वाटताना कळली. बाप बोलला म्हणजे विषय संपला, अशा घरात मी वाढलो. मुलगा मात्र बेसिंगस्टोकमध्ये वाढला आहे, हे त्या घटकेला माझ्या डोक्यात आलं नाही. कोचने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण सत्कार हा इथल्या आमच्या मराठी मंडळाचा जुना आजार आहे आणि मी कमिटीवर. पाडव्याच्या कार्यक्रमात कोचला शाल-श्रीफळ द्यायचं मीच सुचवलं. मीटिंगमध्ये आपल्या मुलांना घडवणारा गुरू वगैरे भाषण केलं. खरं कारण एवढंच की माझा मुलगा कोण आहे, हे सगळ्या मंडळाला बघू द्यावं. कमिटीने एकमताने होकार दिला.

शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. कोच टाय लावून, वेळेआधी आला. मी हॉलच्या किचनमध्ये पुऱ्यांचे ट्रे बघत होतो, तेवढ्यात वाट्यांमध्ये श्रीखंड भरणारी बायको हळूच म्हणाली, "अरे ऐक. तो जातोय."

"कोण?"

"आपला मुलगा. नॉर्थला ती मोठी युनिव्हर्सिटी आहे ना, तिथे मास्टर्सची ऑफर आलीये. टीमसाठीच बोलावलंय त्यांनी. आत्ता गाडीत सांगितलं मला. कोचला तो आजच सांगणार आहे, प्रोग्रॅमच्या आधी."

माझ्या डोक्यात काय आलं, तर शाल आणलेली आहे, अध्यक्षबाई तयार आहेत, पत्रिकेवर नाव छापलंय. "आज नाही," मी म्हणालो. "आधी सत्कार होऊ दे. पाहुणा जेवून गेला की मग बघू." बाहेर जाऊन मुलालाही तेच बजावलं, जरा चढ्या आवाजात. त्याने खांदे उडवले आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

अध्यक्षबाईंनी कोचच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. तो लाजून लालबुंद झाला. मग माइक घेऊन म्हणाला की, एवढा मान त्याला आजवर कोणी दिला नाही. आणि पुढचं वर्षभर तो निश्चिंत आहे. एका फर्स्ट इयरच्या पोराला रनिंग बॅक व्हायचं होतं, त्याला जागा भरली आहे म्हणून कोचने सांगितलं. ते पोर रुसून रग्बीला गेलं. त्याचं वाईट वाटलं, पण करणार काय. "कारण या मुलाच्या वडिलांनी मला शब्द दिला आहे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे हात वाजत होते आणि मी ते थांबवू शकत नव्हतो.

मुलगा उठला. सगळ्या हॉलमधून चालत स्टेजवर गेला आणि माइक मागून घेतला. "सॉरी सगळ्यांना," तो त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "बाबांनी शब्द दिली, पण मला विचारलं नाही. मला आत्ता कळला. मी दुसऱ्या युनिव्हर्सिटीला चाललोय. हा माझी डिसिजन आहे." मग कोचकडे वळून इंग्रजीत सांगितलं की त्याला हे आधीच सांगायचं होतं, पण थांबायला लावलं गेलं. कोणी लावलं ते तो बोलला नाही. कोणाला विचारायची गरजही पडली नाही.

कोच शाल पांघरून, नारळ धरून तसाच उभा होता. मग त्याने अध्यक्षबाईंना हळू आवाजात विचारलं, पण माइक जवळच होता.

"हे परत द्यायचं असतं का?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता. आमची पद्धत काय आहे, ते तो बिचारा मनापासून विचारत होता. अशा वेळी धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. हॉलची फरशी लाकडी होती, ती काही दुभंगली नाही. अध्यक्षबाई "नो नो, प्लीज कीप इट" म्हणाल्या. कोच सगळ्यांबरोबर जेवला, श्रीखंड पुन्हा मागून घेतलं. मी हॉल रिकामा होईपर्यंत किचनमध्ये पातेली घासत राहिलो. तो जाताना मला शोधत होता, असं नंतर बायकोने सांगितलं.

परतीच्या वाटेवर गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, तू मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर राहिला असतास?"

"मे बी," तो म्हणाला. "मला तो कोच आवडतो."



मुलगा सप्टेंबरमध्ये गेला. तिथे त्याच्यासारखे बरेच रनिंग बॅक आहेत आणि तो अजून मैदानात उतरलेला नाही. फोनवर मी अभ्यासाचंच विचारतो.

मागच्या रविवारी मी बायकोला सांगून साउथहॅम्प्टनला गेलो. माफी मागायचं ठरवलं होतं, वाक्यं जुळवली होती. कोचने मला पार्किंगमध्येच पाहिलं. जवळ येऊन त्याने केशरी काठी माझ्या हातात दिली. "माणसं कमी आहेत," एवढंच म्हणाला. बाकावर आमची शाल घडी घालून ठेवलेली होती. पहिल्या हाफमध्ये एका पोराचा खांदा दुखावला, तेव्हा तीच त्याच्या अंगावर टाकली.

रनिंग बॅकच्या जागी एक जाडजूड पोरगा होता, मुळात समोरच्यांना अडवण्याच्या कामाचा. चेंडू घेऊन दोन पावलं टाकायचा आणि पोरांच्या ढिगाखाली जायचा. दर वेळी मी जाऊन तो अडला तिथे काठी रोवायची आणि उभं राहायचं. किती कमी पडलं, ते बघायला दोन्ही टीम माझ्याकडे बघत. मी मान वर करत नव्हतो.

सामना हरल्यावर कोच काठी घ्यायला आला. जुळवलेली वाक्यं सोडून मी काठीवरचा चिखल पुसत राहिलो.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"येईन," मी म्हणालो. "हे मी फक्त माझं सांगतोय."

त्याने मान डोलावली आणि काठी घेतली.