फॉर्मला समास होता तेव्हा

ग्वारांदा गावाच्या वर, डोंगरातल्या आमच्या दवाखान्यात गुडघा बदलायची यादी वर्षातून एकदाच लागते. ज्याचं दुखणं जास्त, त्याचं नाव वर. दुखणं किती, ते बारा प्रश्नांवरून ठरतं. ते प्रश्न विचारायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे.

सोइलाबाई, आमच्या बोलीत मानाने दोन्या सोइला, चर्चमध्ये झाडलोट करतात. वय अडुसष्ट, उजवा गुडघा पार वाकडा. गेल्या वर्षी कागदी फॉर्म होता. मी विचारलं, "गुडघे टेकून बसता येतं?"

"रोज बसते की! मारियामातेपुढे काय खुर्ची मागू?"

"त्रास होतो?"

"तिच्यापुढे कसला त्रास, पोरी?"

आमच्याकडे दुखतंय म्हणणं म्हणजे देवाच्या नावाने कुरकुर. मी 'त्रास नाही'वर खूण केली आणि समासात लिहिलं : बसतात, पण उठवायला दोन माणसं लागतात. डॉक्टरांनी ते वाचून त्यांचं नाव नववं लावलं. ऑपरेशनं आठच झाली. यंदा नक्की, असं मीच त्यांना सांगून बसले.

यंदा टॅब आला. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. प्रत्येक प्रश्नाखाली पाच गोल, लिहायला जागा नाही.

"दोन्या, जरा खरं सांगा ना."

"मग काय खोटं बोलतेय? चर्च झाडणारी मी!"

मी हळूच बोट शेवटच्या, 'फार त्रास'च्या गोलाकडे नेलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "माझं उत्तर तू बदलायचं नाहीस. पाप लागेल."

मी त्या म्हणाल्या तो गोल दाबला. लगेच पुढचा प्रश्न आला.

यादीत त्या एकेचाळिसाव्या. मी डॉक्टरांकडे गेले.

"नेलिदा, गुण यंत्र देतं. एकदा पाठवलेलं उघडत नाही."

"पण त्यांना चालताना तरी बघा!"

"बघितलंय गं. बघितलेलं लिहू कुठे?"

रविवारी चर्चमध्ये त्या माझ्या शेजारीच गुडघे टेकून होत्या.

"यादी लागली?"

"लागली." मी मान खाली घालून जपमाळ चाचपली.

त्या समजल्या. "असू दे. माझ्याहून जास्त दुखणारे असतील."

मीही हात जोडले, पण मारियामातेकडे काय मागावं ते सुचेना. प्रार्थना संपली तशी एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने त्यांची बहीण, दोघींनी त्यांना उचललं. तोंडातून हूं की चूं नाही. माझ्या दंडात मात्र त्यांची पाचही नखं रुतली.