खिडकीतली बाई

बारीक कामाचा मला तिटकारा. तरी आमच्या गल्लीतल्या त्या म्हाताऱ्याच्या व्हरांड्यापाशी माझी पावलं रोज रेंगाळायची. नागपूरच्या भर मे महिन्यात कूलर बंद ठेवून तो रेल्वेचे चिमुकले डबे जोडत बसायचा. वाऱ्याने किटमधले सुटे भाग उडतात म्हणे. रंगवून झालेल्या डब्यावर तो पुन्हा धूळ आणि गंज रंगवायचा. "नवा डबा खोटा वाटते," म्हणायचा.

एकदा हाक मारून त्याने भिवापूरकडे जाणाऱ्या जुन्या छोट्या गाडीचा डबा दाखवला. छप्पर बसायचं होतं. आत खिडकीशी तांदळाच्या दाण्याएवढी, हिरव्या लुगड्यातली बाई होती.

"हे आमची बुढी. याच गाडीनं माहेरी जाये. मागच्या उन्हाळ्यात ऊन लागून गेली."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर छप्पर चिकटवलेलं होतं. गोंदाची वाफ आत कोंडून सगळ्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. बाई दिसेना.

"छप्पर काढा ना," मी म्हटलं.

"ओढलं तं डबाच मोडते गा."

"काचांचा गोंद वाळेपर्यंत उघडं ठेवायचं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं!" मी चिडलोच.

"माहीत हाये ना मले. पन व्हरांड्यात ऊन आलं. वाटलं, हिले पुन्हा लागन."

त्याने फडकं ओलं केलं आणि काच पुसायला घेतली. पांढरं आतून होतं. तो बाहेरून पुसत राहिला.